खालच्या कोर्टाचा आकडा हा शेवटचा शब्द नव्हे

तीन आकडे आधी वाचा. 11 लाख 8 हजार 501 रुपये. 25 लाख 78 हजार 501 रुपये. आणि 62 लाख 27 हजार रुपये.

हे तीन निरनिराळ्या माणसांना मिळालेल्या भरपाईचे आकडे नाहीत. अपघात एकच, मुलगी एकच, तिची जखमही तीच. फक्त कोर्टाच्या पायऱ्या तीन. पहिला आकडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, दुसरा उच्च न्यायालयाचा आणि तिसरा सर्वोच्च न्यायालयाचा. या मुलीच्या आईबापांनी पहिल्याच पायरीवर हात जोडून "मिळालं ते पुष्कळ झालं" म्हटले असते, तर पुढचे दोन आकडे कधी लिहिलेच गेले नसते.

आपल्या वस्त्यांतून मात्र नेमके हेच घडते. नाक्यावर कामाला निघालेल्या माणसाला टेम्पो उडवतो. पहाटे कचरा वेचायला गेलेल्या बाईच्या पायावरून ट्रक जातो. चार-पाच वर्षे क्लेमची केस चालते. हेलपाटे घालून घर थकते. मग निकाल लागतो आणि कोर्टाच्या व्हरांड्यातच कुणीतरी शहाणा कानाशी लागतो, "पदरात पडलंय ते घ्या. वर गेलात तर हेही जाईल." घरात औषधाला पैसा नसतो, सावकाराचे व्याज चढलेले असते. माणूस निमूट मान हलवतो. वर जाण्याचा हक्क आपल्याला होता, हे त्याला कळते तेव्हा मुदत टळून गेलेली असते.

म्हणून हा विषय आज घराघरात बसून बोलण्याचा आहे.

एका मुलीचे तीन हिशेब

18 ऑक्टोबर 2007 चा दिवस. हरियाणात 12 वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून चालली होती. ट्रकने धडक दिली. मुलगी वाचली, पण डोक्याला जबर मार बसला. हातापायांतली ताकद गेली. अंथरुणातच सगळे विधी. तपासणीत आढळले की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहणार. अपंगत्व 100 टक्के.

न्यायाधिकरणाने हिशेब केला. मुलगी लहान, कमावती नाही, म्हणून तिचे मानीव उत्पन्न धरले वर्षाला 15 हजार रुपये. उच्च न्यायालयात रक्कम वाढली, पण उत्पन्नाचा तो 15 हजारांचा आकडा तसाच राहिला. तिला सांभाळायला माणूस लागणार, त्याचे महिन्याला 2,500 रुपये धरले गेले. आता आईच्या नजरेने बघा. दिवसरात्र कुशीवर वळवणे, भरवणे, स्वच्छ करणे. 2,500 रुपयांत चोवीस तास कोण राबेल?

5 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेबच मोडून नव्याने मांडला. ही मुलगी मोठी झाली असती तर निदान कुशल कामगाराची किमान मजुरी तरी मिळवली असती, म्हणून महिना 4,846 रुपये धरले आणि पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवले. हे झाले 14 लाख 66 हजार. दिवसाला एक आणि रात्रीला एक असे दोघे जण सांभाळायला लागतील, प्रत्येकाचे 5,000 रुपये महिना. हे झाले 21 लाख 60 हजार. वेदना आणि हरवलेल्या आयुष्यासाठी 15 लाख. पुढच्या औषधोपचारासाठी 5 लाख. उरलेल्या बाबी धरून एकूण 62 लाख 27 हजार, वर दरसाल साडेसात टक्के व्याज.

पैशाने मुलीची समज परत आली नाही. पण आईबाप थकल्यावर तिच्या तोंडात घास घालणाऱ्या माणसाची सोय झाली. कायद्याने द्यावयाची भरपाई म्हणजे हेच. ती भीक नव्हे, दयाही नव्हे. कायद्यात शब्द आहे 'न्याय्य' भरपाई.

'वर्ग करणे' वेगळे, 'अपील' वेगळे

आपल्याकडे सरसकट म्हणतात, "केस हायकोर्टात टाकली." यात दोन गोष्टींची गल्लत होते. ती आधी सोडवू.

केस वर्ग करणे म्हणजे चालू असलेला दावा निकाल लागण्यापूर्वी एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात हलवणे. योग्य कारण दिसल्यास वरचे कोर्ट तसा हुकूम देऊ शकते. मात्र अपघाताच्या दाव्यात त्याची गरज सहसा पडू नये, कारण जागा निवडण्याची मुभा कायद्याने जखमी माणसालाच दिली आहे. अपघात झाला त्या ठिकाणी, आपण राहतो किंवा कामधंदा करतो त्या ठिकाणी, किंवा समोरचा पक्ष राहतो त्या ठिकाणी, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नवरा गुजरातेत कामाला गेला आणि तिथे जायबंदी झाला, तरी त्याला आपल्या गावच्या जिल्ह्यात दावा लावता येतो. एकाच अपघाताचे दावे वेगवेगळ्या राज्यांत दाखल झाले, तर जिथे पहिला अर्ज झाला तिथेच बाकीचे वर्ग करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ठरवून दिले. अर्जाची मुदत मात्र ध्यानात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

अपील ही त्यापुढची पायरी. खालच्या कोर्टाने निकाल दिला, तो पटला नाही, तर तोच दावा उच्च न्यायालयासमोर नेणे म्हणजे अपील. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 173 ने हा हक्क दिला आहे. जखमी माणसाचा मोठा आधार तोच.

नव्वद दिवस मोजा

निकालाच्या तारखेपासून अपिलाची मुदत 90 दिवसांची. निकाल लागला त्याच दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा. निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी लगेच अर्ज करा. नक्कल मिळण्यात जाणारे दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्जच उशिरा केला तर त्या उशिराला वाली नाही. आजारपण किंवा तसेच सबळ कारण असेल, तर मुदतीनंतरही उच्च न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकते. पण ते कोर्टाच्या मर्जीवर. त्या भरवशावर झोपून राहू नका.

ज्या रकमेचा वाद आहे ती एक लाख रुपयांहून कमी असेल तर अपील होत नाही. इथे एकूण भरपाई मोजायची नाही. मिळाले किती आणि आणखी मागतो किती, त्यातला वादाचा आकडा बघायचा.

"वर जायला आधी 25 हजार भरावे लागतात" हे ऐकून अनेक बाया माघारी फिरतात. ती अट आपल्याला नाही! ज्याला भरपाई द्यायची आहे त्याने अपील केले तर त्याला 25 हजार किंवा निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. भरपाई वाढवून मागणाऱ्या जखमी माणसाला ही अट लागू नाही.

आणखी एक भीती, खालच्या कोर्टाने दिलेले पैसे उचलले तर अपील बुडेल ही. असे होत नाही. पैसे घ्या, औषधपाणी करा आणि अपीलही करा. फक्त "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, काही तक्रार नाही" अशा मजकुराखाली अंगठा उठवू नका.

विमा कंपनीनेच अपील केले तर? तिने कोर्टात भरलेल्या रकमेतून काही भाग काढून मिळावा, असा अर्ज आपल्याला करता येतो. त्याच वेळी नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत आपलीही उलट हरकत नोंदवायला वकिलाला सांगा. नुसते बचाव करत बसलात, तर रक्कम वाढवून मागण्याची वाट अवघड होऊन बसते.

खरे तेही सांगितले पाहिजे. अपील केले म्हणजे वाढ ठरलेलीच, असे मुळीच नाही. अपील फेटाळले जाऊ शकते आणि कंपनीच्या अपिलात रक्कम कमीही होऊ शकते. वेळ तर लागतोच. त्या हरियाणाच्या मुलीला शेवटचा निकाल मिळेपर्यंत अपघाताला बारा वर्षे उलटली होती. म्हणून जायचे ते रागाने नव्हे, हिशेब मांडून.

हात गेला, पण कमाई किती गेली?

हिशेब कुठे चुकतो ते बघा. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते. पुष्कळदा तीच टक्केवारी कमाईच्या नुकसानीला लावून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये याच सवयीला हरकत घेतली. डावा हात गेला तर वैद्यकीय अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास येईल. तो माणूस कारकून असेल तर त्याची नोकरी टिकेल. पण तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ 100 टक्के बुडाली, असे कोर्टाने उदाहरण देऊन सांगितले. शरीर किती गेले ते डॉक्टर सांगेल. रोजी किती गेली ते कोर्टाने ठरवायचे.

समजा, सेंट्रिंगचे काम करणारा एक सुतार आहे. वय 32, कमाई महिना 12 हजार. डावा हात कोपरापासून गेला. 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे 31 ते 35 वयाला गुणक 16. म्हणजे वर्षाची कमाई 16 ने गुणायची. 1 लाख 44 हजार गुणिले 16 म्हणजे 23 लाख 4 हजार. त्याचे 60 टक्के, 13 लाख 82 हजार 400. खालच्या कोर्टाने इथेच रेघ ओढली, असे धरू.

आता दुसऱ्या बाजूने मांडा. 2017 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की स्वतःच्या धंद्यावर किंवा ठरावीक पगारावर जगणाऱ्याचीही कमाई पुढे वाढत असते. वय 40 च्या आत असेल तर 40 टक्के, 40 ते 50 असेल तर 25 टक्के आणि 50 ते 60 असेल तर 10 टक्के त्यात मिळवावेत. तो खटला मृत्यूच्या भरपाईचा होता, पण जायबंदी माणसालाही ही वाढ मिळते, हे 2020 च्या एका निकालात स्पष्ट झाले. त्या खटल्यात 20 वर्षांच्या डेटा एन्ट्री करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला होता. उच्च न्यायालयाने कमाईची हानी 45 टक्के धरली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 65 टक्के केली.

आपल्या सुताराचे 12 हजार आता 16,800 झाले. वर्षाचे 2 लाख 1 हजार 600. गुणिले 16 म्हणजे 32 लाख 25 हजार 600. आणि एका हाताने सेंट्रिंग होत नाही, म्हणून नुकसान 100 टक्के. फरक किती? 18 लाख 43 हजार 200 रुपये! माणूस तोच, हात तोच. हा फरक लक्षात येण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. सातवीतल्या मुलाला पाटी द्या, तो मांडून दाखवील.

अर्जात मागितले त्यापेक्षा जास्त कोर्ट देणार नाही, असाही एक समज आहे. तसा निर्बंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगून ठेवले आहे.

वरचे कोर्ट आपल्याला बघत नाही, फाईल बघते

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उच्च न्यायालयात साक्षी-पुरावे नव्याने होत नाहीत. खालच्या कोर्टाचे सगळे दप्तर वर मागवले जाते आणि त्यावरच वाद चालतो. नवा पुरावा फार अपवादानेच घेतला जातो. खाली जे दाखवले नाही ते वर दिसत नाही. वरच्या कोर्टाची लढाई खालच्या कोर्टातच अर्धी जिंकलेली किंवा हरलेली असते.

म्हणून घरात एक पिशवी करा आणि अपघाताच्या दिवसापासून त्यात कागद घाला. पोलिसातली फिर्याद, पंचनामा, दवाखान्याची केस, एक्स-रे, औषधाची एकेक पावती, रिक्षाभाड्याची नोंद. कमाईचा पुरावा हा कष्टकऱ्याचा कच्चा दुवा. पगारपत्रक नसले तर मुकादमाचे हजेरीपुस्तक, बांधकाम कामगार नोंदणी, बँकेचे पासबुक जे असेल ते द्या. मुकादमाला किंवा मालकाला साक्षीला बोलवा. दवाखान्यात सोबत कोण राहिले, तिची किती दिवसांची मजुरी बुडाली, हेही जबाबात आले पाहिजे.

अपंगत्वाचा दाखला नुसता फाईलला लावून भागत नाही. उपचार किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरची साक्ष व्हावी लागते. तुम्ही कोणते काम करत होता आणि ते आता का जमणार नाही, हे त्या साक्षीत यायला हवे.

बायांनी आपल्या जबाबाकडे विशेष लक्ष द्यावे. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या बाईच्या कागदावर "गृहिणी, उत्पन्न नाही" असे लिहिले जाते. हे खोटे आहे! बाहेरच्या कामाची मजुरी सांगा आणि घरच्या कामाचेही मोल मागा. जमशेदपूरच्या 1989 च्या अग्निकांडातील भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये 34 ते 59 वयाच्या गृहिणींच्या घरकामाचे मोल दरमहा 3,000 रुपये धरले. पुढे 2021 मध्ये गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातील वाढ मिळवली पाहिजे, असे सांगितले. बाईचे राबणे कोर्टाने मोजले आहे. आता आपण सांगायला शिकले पाहिजे.

वकील कुठून आणायचा?

"हायकोर्टाचा वकील आपल्याला परवडेल का?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 मध्ये आहे. कलम 12 प्रमाणे फुकट वकील कोणाला मिळतो? कोणत्याही स्त्रीला, मुलांना, अपंग व्यक्तीला, औद्योगिक कामगाराला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला. उत्पन्नाची मर्यादा त्यापलीकडच्या इतर गरिबांसाठी आहे. या यादीत जे बसतात त्यांना ती आड येत नाही.

इथे आपल्या घरांसाठी एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता मिळाली. आपण ती सवलत शिक्षण-नोकरीपुरतीच समजतो. पण जातीचा दाखला नीट असेल तर त्याच आधारावर विधी सेवेचा वकीलही मागता येतो.

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि उच्च न्यायालयात त्यांची स्वतंत्र समिती असते. साधा अर्ज द्यायचा. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. अपिलाची कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्च यांचीही त्यातून सोय होते.

हायकोर्ट म्हणजे मुंबईच, असेही आता राहिलेले नाही. विदर्भाला नागपूर, मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर ही खंडपीठे आहेतच. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या माणसांचा मुंबईचा फेरा त्यामुळे वाचला.

खासगी वकील केलात तर फी आधी ठरवा आणि पावती घ्या. "मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असा करार वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनीच तो मना आहे. कोऱ्या कागदावर सही नको, कोरा चेक तर नकोच. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये निर्देश दिले आहेत. खाते जखमी माणसाच्या नावाचे हवे आणि पासबुक घरात हवे.

तडजोडीच्या कागदाआधी एक रात्र थांबा

लोकअदालत वाईट नाही. योग्य रक्कम मिळत असेल तर वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात. पण लोकअदालतीत समेट झाला की त्यावर अपील नाही. वरच्या कोर्टाचा दरवाजा त्या सहीने बंद होतो. म्हणून सही करण्यापूर्वी कागद घरी आणा. वस्तीतल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला बसवा. कमाई, वय, गुणक, वाढ, औषधपाणी आणि सांभाळणाऱ्याची मजुरी असा हिशेब वहीवर मांडा. कंपनीचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक थोडा असेल तर घ्या आणि मोकळे व्हा. फरक डोंगराएवढा असेल तर मान हलवू नका.

घरात जायबंदी माणूस असला की तो स्वतःच म्हणू लागतो, "माझ्यापायी किती खर्च करता, द्या सोडून." त्याचे ते बोलणे ऐकू नका. पुढची तीस वर्षे त्याला जगायचे आहे आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईलाही. व्हरांड्यातला शहाणा तेव्हा जवळ नसणार.

निकालाची तारीख पाहा. नव्वद दिवस मोजा. पिशवीतले कागद काढा आणि विधी सेवेच्या कचेरीची पायरी चढा. उद्याच.